रुमालाखालची गाठ

माघ अर्धा सरला की मंद्रूपच्या रस्त्यानं गाड्या यायला लागतात. गिरणीचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत पेठेत चाकांची करकर सुरू होते, बैल सोडले जातात, कडब्याचा आणि शेणाचा वास एकमेकांत मिसळतो, आणि पहिलं पोतं फोडलं की नव्या शाळू ज्वारीचा कोवळा, किंचित ओलसर वास वखारभर होतो. हा वास गोड आहे असं लोक म्हणतात. मला या वासानं राग येतो. वर्षाचा धंदा या दोन महिन्यांत करायचा असतो, आणि नेमकं याच दोन महिन्यांत मला कुणाशी धड बोलवत नाही. हमाल आपसांत म्हणतात, "मालकाचं डोस्कं शाळूबरोबर तापतंय." खरं आहे. एका म्हाताऱ्या मांजरापायी तापतं असं सांगितलं तर बार्शीचे व्यापारी पोट धरून हसतील. हसू देत. त्यांच्यातल्या एकालाही मी आजवर सौद्यात वरचढ होऊ दिलेलं नाही.

मी माढ्याकडचा. या पेठेत आलो तो पाठीवर पोती वाहायला. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं, त्यामुळं जे शिकलो ते हातांनी शिकलो. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळचा दाणा वर आणायचा. वरचा दाणा दाखवण्यासाठी असतो. मूठ आवळली की दाण्यात ओल किती ते कळतं. मूठ उघडली की कचरा किती ते कळतं. डोळे फसतात, कान तर फसण्यासाठीच असतात, पण हात फसत नाही, असं मी चारचौघांत छाती काढून सांगत असे. आता सांगत नाही.

वखार भाड्यानं घेतली त्याच वर्षी ती मांजरी आली. राखी अंगावर काळे पट्टे, डावा कान फाटलेला. नवी थप्पी लागली की आधी ती वर चढायची, पोत्यापोत्याचं तोंड हुंगायची, आणि मगच खाली उतरायची. हमालांनी तिचं नाव मुकादमीण ठेवलं. तेरा वर्षं तिनं माझ्या वखारीत उंदीर टिकू दिला नाही. आणि त्या तेरा वर्षांत मी तिला एकदाही हात लावला नाही.

आमच्याकडं तसा नेमच आहे. वखारीतल्या मांजराला कुरवाळायचं नाही आणि पोटभर घालायचं नाही. हात लागला की ते घरचं होतं, पोट भरलं की ते निजतं. सकाळी अर्धी भाकरी टाकायची, बाकीचं तिनं आपल्या दातांनी मिळवायचं. हा नेम मला कुणी शिकवला नाही. ज्याच्याकडं हमाली केली त्याचं बघून उचलला. नेम पाळणाऱ्याला विचार करावा लागत नाही, हेच नेमाचं सुख असतं.

त्या वर्षी शाळू चांगला होता. थंडी लांबली होती, दाणा टपोरा भरला होता. सिद्धरामाची गड्ड्याची जत्रा उठून थोडेच दिवस झाले होते. एका दुपारी रंगव्वा माझ्यापुढं येऊन उभी राहिली. रंगव्वा आमच्याकडं सांडलेलं धान्य झाडून पाखडते. तिच्या हातात भाकरीचं फडकं होतं, मोकळं.

"मालक, तुमच्या मुकादमिणीनं माजी भाकरी खाल्ली. चटणीसकट."

"मांजर कवा चटणी खातंय व्हय?"

"खाल्ली की. नाक पुसत पुसत खाल्ली. तिला जरा पोटाला घाला. पाठीच्या कण्याचा एकेक मणी दिसाया लागलाय."

"खातंय म्हंजे ठणठणीत हाय," मी म्हणालो. "आजारी असती तर चटणीला तोंड लावलं असतं व्हय तिनं?"

बैलबाजारात आम्ही हेच बघतो. जनावरापुढं वैरण टाकायची. तोंड लावलं तर घ्यायचं, नाही लावलं तर पुढं चालायचं. खाणारं जनावर आजारी नसतं, ही माझी पक्की समजूत. मुकादमीण तर आता काहीही खात होती. भाकरी, भाकरीचा करपलेला पापुद्रा, बैलांच्या पुढ्यातली पेंड. आणि जेवढं खाई तेवढी वाळत जाई. एवढं दिसत असून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला एकच गोष्ट दिसत होती. थप्पीच्या खालच्या पोत्यांना भोकं पडायला लागली होती, आणि दाण्यांत उंदराच्या लेंड्या निघत होत्या.

आज आठवून सांगतो तेव्हा एकेक गोष्ट अशी सरळ ओळीनं समोर येते की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. तिची नखं वाजायची. मांजर येतं कधी आणि जातं कधी हे कळत नाही. ही शहाबादी फरशीवरून चालली की टक टक टक असा आवाज यायचा. नखं आत जायची थांबली होती. हमाल म्हणायचे, "मुकादमिणीनं नवं पायताण केलंय," आणि मीही हसायचो. आधी ती सबंध दिवस अंग चाटत बसायची, पण आता कमरेपासून मागचे केस तेलकट होऊन त्यांच्या गुठळ्या झाल्या होत्या. अंगणात बैलांसाठी दगडी डोणी आहे. तिच्या काठावर पुढचे पाय ठेवून ती पाणी पीत राहायची. बैलाचं पिऊन व्हायचं, दुसरा बैल यायचा, त्याचंही व्हायचं, हिची जीभ चाललेलीच. भर दुपारी पेठ जेवायला गेली की ती भिंतीकडं तोंड करून ओरडायची. ते ओरडणं माजावरचं नव्हतं, भुकेचं नव्हतं. कुणीतरी आत अडकलंय आणि दार कुठं आहे ते सापडत नाही, तसा तो आवाज होता. मी पायातली वहाण फेकून मारायचो.

माझ्या वखारीला लागून मल्लाप्पाचं गूळ-पेंडीचं दुकान. भिंत एकच. मल्लाप्पा अक्कलकोटकडचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, कपाळाला विभूती, तोंडात निम्मी कानडी, निम्मी मराठी. मी हमाल होतो तेव्हा दुपारी टेकायला मला पेठेत पहिली जागा मिळाली ती त्याच्या ओट्यावर. रुमालाखालचा सौदाही त्यानंच मला शिकवला. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, मांडीवर रुमाल पसरतात, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. तोंड बंद, चेहरा दगडाचा. "रुमालाखाली आलेला हात कदी झिडकारायचा न्हाई, नामदेवा," मल्लाप्पा म्हणायचा. "भाव पटला न्हाई तर सोडून दे. पर हात आत घालायचा."

अशा माणसाशी मी भांडलो. उंदीर का वाढले याचा शोध घेत होतो आणि एका सकाळी मुकादमीण त्याच्या दुकानात सापडली. पुढ्यात दुधाची वाटी. मल्लाप्पा तिच्याजवळ उकिडवा बसला होता आणि त्याचा हात तिच्या मानेवर होता. माझं मांजर, माझ्या नेमातलं, आणि शेजाऱ्यानं दूध पाजून फितवलं. माझ्या वखारीत उंदीर का नाचतात ते मला त्या वाटीत दिसलं.

मी रस्त्यातच सुरू झालो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. आठवतं तेवढंच पुरेसं वाईट आहे. मल्लाप्पा उठून उभा राहिला.

"नामदेवा, ऐक की जरा. बेक्कु, ही मांजरी, बरी न्हाई. हिच्या गळ्याला..."

"माझ्या मांजराचं मी बघीन. तुमी तिला दूध घालायचं न्हाय, आणि तिच्याबद्दल तोंडातनं एक शब्द काढायचा न्हाय. कुणापाशीच काढायचा न्हाय."

"अरे, पर..."

"सिद्धरामाची आण हाय तुमाला."

मल्लाप्पा गप्प झाला. सगळी पेठ बघत होती. त्यानं वाटी उचलली, दूध रस्त्यावरच्या कुत्र्यापुढं ओतलं आणि आत गेला. सिद्धरामाची शपथ घातलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. चार दिवस पाळतात, मग सोयीनं विसरतात. मल्लाप्पा तसला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच घातली.

मग मी मुकादमिणीची अर्धी भाकरी बंद केली. उपाशी राहील तेव्हा उंदीर धरील. रंगव्वा आपल्या फडक्यातला तुकडा लपवून टाकायची, तर मी तिलाही ओरडलो. "पोटाला घालू नगा म्हणताय, आणि वरनं उंदीर धर म्हणताय," ती सुपाकडं बघत म्हणाली. "जोर कुटनं आणावा तिनं?" मी म्हटलं, सुपात खडे बघ. ती खडे बघत राहिली.

गाड्या येत होत्या. माघ गेला, फाल्गुनही गेला, चैत्र लागला. उन्हात पोती तापायची, शाळूचा वास दाट व्हायचा, घसा कोरडा पडायचा. मुकादमिणीचे डोळे भर उन्हातही काळेभोर, मोठे दिसायला लागले. मांजराची बाहुली उन्हात दोऱ्याएवढी होते, हिची पावलीएवढी. थप्पीवर चढताना एकदा चुकली, घसरली, पोत्यावर आदळली आणि जिथं पडली तिथंच बसून राहिली. हमाल हसले. मी म्हणालो, म्हातारी झाली. म्हातारी झाली, एवढं म्हटलं की माणूस सुटतो. त्यात काही चूक नसते आणि काही करायचंही नसतं.

अशाच एका सकाळी, पेठ ऐन भरात असताना, मल्लाप्पा माझ्या ओट्यावर चढला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. बोलला काही नाही. समोर मांडी घालून बसला. मांडीवर त्याचा मोठा पिवळा रुमाल पसरलेला होता आणि त्याचा उजवा हात रुमालाखाली होता. भोवती माणसं गोळा झाली. मल्लाप्पा गूळ-पेंडीचा माणूस. ज्वारी कशाला घेतोय, याचं सगळ्यांना कुतूहल. मला वाटलं, म्हातारा नमला. आता ताणून धरायचं, असं ठरवूनच मी रुमालाखाली हात घातला.

हाताला बोटं लागली नाहीत. केस लागले.

तेरा वर्षांत मी तिला प्रथम हात लावला तो असा, दहा माणसांच्या घोळक्यात, चेहरा दगडाचा ठेवून. मल्लाप्पानं माझं मनगट धरलं आणि माझी बोटं तिच्या गळ्याशी नेली. तिथं भिजलेल्या हरभऱ्याएवढी गाठ होती. दाबली की सरकायची. मग त्यानं माझा हात खाली नेला. फासळ्या, एकेक मोजता येईल अशी. फासळ्यांच्या आत काळीज असं पळत होतं, की एका ठोक्याला दुसरा ठोका लागावा. गल्लीतल्या हातमागांनाही तेवढी घाई नसते. मग पुढचा पाय. एक नख वाढून, वाकून, स्वतःच्याच तळव्यात रुतलं होतं, आणि तो तळवा गरम होता, सुजलेला होता. त्या पायानं ती माझ्या फरशीवर टक टक करत हिंडत होती आणि आम्ही पायताण म्हणून हसत होतो. ती ओरडली नाही. तिच्या अंगात जोर नव्हता.

पोत्यात हात घालून तळचा दाणा मी उभ्या पेठेला काढून दाखवला होता. हे माझ्याच वखारीतलं, रोज नजरेसमोरचं, आणि त्याचा तळ मला दुसऱ्या माणसानं मनगट धरून दाखवला.

"कवापासनं हाय हे?" मी हळू विचारलं.

मल्लाप्पा बोलला नाही. रुमालाखाली त्यानं माझी दोन बोटं धरली.

"दोन दिस?"

त्यानं मान हलवली. नाही.

"दोन आठवडं?"

नाही.

मग मला कळलं. दुधाची वाटी, मानेवर ठेवलेला हात, 'हिच्या गळ्याला' म्हणून अर्धवट तोडलेलं वाक्य. त्यानं रुमाल उचलला. त्याच्या मांडीवर मुकादमीण पडलेली बघून माणसं चकित झाली, आणि पाठीमागून कुणीतरी मिस्कीलपणे विचारलं, "काय भाव ठरला, मालक?"

मी त्या माणसावर ओरडायला हवं होतं. मी मल्लाप्पावर ओरडलो. "दोन महिने कुटं हुता तुमी? मुकं जनावर मरतंय हे दिसत हुतं, तर तोंड शिवलं हुतं का?"

मल्लाप्पानं फक्त सिद्धरामाच्या देवळाच्या दिशेला बोट केलं. रंगव्वा कोपऱ्यातून म्हणाली, "मालक, आण तुमीच घातलीसा की." तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं, दाण्यातला खडा काढून बाजूला ठेवावा तसं. मला तिचाही राग आला.

गुरांच्या दवाखान्यात मी मुकादमिणीला बारदानात गुंडाळून नेली. दारात बैल, एक लंगडं घोडं, आणि त्यांच्यामधे मी. डॉक्टर म्हणाले, "मांजर कुठं आणलंत?" पण त्यांनी बघितलं. रुतलेलं नख कापून काढलं, जखम धुतली, गळ्याची गाठ बोटांनी चाचपली. म्हाताऱ्या मांजरांना अशी गाठ येते म्हणाले; खाखा सुटते, तहान लागते, काळीज पळतं, आणि अंग झिजत जातं. डोळेही त्यातच गेलेत. मी विचारलं, "दोन महिने आधी आणली असती तर?" ते म्हणाले, "गाठीवर औषध तेव्हाही नव्हतं." माझ्या जिवात जीव येत होता तेवढ्यात ते पुढचं वाक्य बोलले. "पण पोटभर खायला घालायचं होतं. नख काढायचं होतं. सुखानं गेली असती."

ती अकरा दिवस जगली. मी दूध घातलं, भाकरी कुस्करून घातली, तिनं सगळं खाल्लं आणि ती वाळतच गेली. एका दुपारी डोणीपाशी सापडली, पुढचे पाय काठावर. रंगव्वानं परड्यात कडुनिंबाखाली खड्डा केला. मल्लाप्पा भिंतीपलीकडून बघत होता. मी त्याच्याकडं पाठ केली.

तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. मल्लाप्पा शपथेला जागला, असं पेठ म्हणते, आणि ते मला सलतं. शपथेला जागणं सोपं असतं हो. त्यात आपलं काहीच बिघडत नाही. रागाच्या भरात बोललेल्या माणसाचं बोलणं मोडावं, त्याच्या अंगावर ओरडावं, गरज पडली तर देवाचं देणं नंतर फेडावं, हे अवघड असतं. त्यानं रुमाल पसरायचं सुचायला दोन महिने का लावले? पहिल्या दिवशी का नाही सुचलं? हा प्रश्न त्याला मी विचारणार नाही. दरवर्षी शाळूच्या वासाबरोबर तो प्रश्न वखारीत येतो आणि वैशाखापर्यंत राहतो. माझीही नखं आता जाड झाली आहेत, दुपारी तहान फार लागते, आणि बायको म्हणते की बोलता बोलता मी भिंतीकडं बघतो. बघतो. त्या भिंतीपलीकडं तो बसलेला असतो.

मांजर मी पुन्हा पाळलं नाही. उंदरांना सापळे लावतो. पण मल्लाप्पाकडं एक तांबडी मांजरी आहे, तीही आता दहाएक वर्षांची. ती परड्यातून माझ्याकडं येते. गेल्या सोमवारी मला ती डोणीवर दिसली. पाणी पीत होती. मी गाडीवानाशी घासाघीस केली, माल उतरवून घेतला, परत बघितलं तरी तिची जीभ चाललेलीच.

दुसऱ्या दिवशी फरशीवर टक टक ऐकू आलं.

मी गप्प राहिलो. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. म्हटलं, बसू दे म्हाताऱ्याला शपथ कवटाळून. आता कळेल गप्प बसणं काय असतं ते. बुधवारी गप्प राहिलो. आज चौथ्या दिवशी तांबडीनं रंगव्वाच्या पाटीत तोंड घातलं. रंगव्वानं हुसकलं नाही. फडकं सोडलं, अख्खी भाकरी तिच्यापुढं मोडून ठेवली, आणि माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत तिनं मला शब्दानं जे सुनावलं नव्हतं ते त्या बघण्यात होतं. मी उठलो.

मल्लाप्पा गुळाची ढेप फोडत होता. पाठ पार वाकली आहे. मी त्याच्या ओट्यापाशी उभा राहिलो, त्यानं वर बघितलं.

"मल्लाण्णा, तुमची तांबडी पाणी लई पितीया. नखं वाजत्यात तिची. गळ्याला हात लावून बघा."

त्यानं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "कवापासनं?"

"चार दिस झालं."

"आणि चार दिस कुटं हुतास?"

तो उभा राहिला होता. त्याचा आवाज चढलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. रस्त्यावरची माणसं थांबली. मला कुणी आवाज चढवला तर माझं उत्तर तयार असतं, पेठेला ठाऊक आहे. मी मान खाली घालून मागं फिरलो, रंगव्वाच्या पाटीपाशी वाकलो आणि तांबडीला उचलली. हलकी होती. तिला घेऊन त्याच्या ओट्याकडं चालत असतानाच माझी बोटं तिच्या गळ्याशी गेली.

गाठ होती. शाळूच्या दाण्याएवढी. मुकादमिणीचे ते दोन महिने मी इतकी वर्षं मल्लाप्पाच्या माथी मारत आलो. हे चार दिवस कुणाच्या माथी मारू? मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो आणि माझा रुमाल पसरला, तर त्यानं तो हातानं बाजूला सारला.

"रुमाल कशाला? उघड बघू," तो म्हणाला. "आण तिच्यापुरती हुती, हिच्यावर न्हाई."